मीनूच्या झाडापर्यंत, सायकलने

मीनू, आधी तो लॅपटॉप मिटव आणि खुर्ची जवळ ओढ. एका हाताने टकटक करत ऐकायची ही गोष्ट नाही. आणि मी तुझ्यावर जरा रागावले आहे, तेही आधीच सांगून टाकते. धारहून हौसेने तुला फोन केला, म्हटलं पहिला मुक्काम नीट झाला, तर तू काय म्हणालीस? "आई, वय काय तुझं? आणि काका तरी कसे तयार झाले?" आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवलास. पाय दुखतात का, काय खाल्लं, एक शब्द नाही. असं करतात का गं?

आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी प्रवासाचं काही लिहून द्या म्हणून इथली मंडळी मागे लागली आहेत, म्हणून वही घेऊन बसले. पण सांगतेय तुलाच. बाकीच्यांनी शेजारी बसून ऐकावं, त्यांनी तरी तो रस्ता कुठे पाहिलाय.

मी गेले ती तुझ्या झाडासाठी. तुझ्या दर वाढदिवसाला ती गोष्ट सांगायचे, आठवते ना? अलीराजपूरच्या पुढे, नर्मदेच्या अलीकडच्या डोंगरात झिरणफळिया नावाची भिल्लांची वस्ती, फळिया म्हणजे वस्तीच. बाबा तिथे शाळामास्तर होते. तू झालीस श्रावणात, ओढ्याला पूर, दवाखान्याकडे जायला वाट नाही. शेजारच्या सुरलीच्या सासूने माझं बाळंतपण केलं. बाराव्या दिवशी तुला कुंची घालून मांडीवर घेतलं होतं, तेव्हा सुरलीचा सासरा, तिथला पटेल, अंगणात आला आणि बाबांना म्हणाला, "मास्टर, लड़की यहाँ पैदा हुई है, तो इसका भी एक महुआ होना चाहिए. नहीं तो खाएगी क्या?" आणि वावराच्या कडेचं एक कोवळं मोहाचं झाड त्याने बोटाने दाखवलं. बाबा हसले, मी हसले, पटेलला गूळ-खोबरं दिलं. तू रांगायची थांबून पळायला लागलीस आणि आमची बदली उज्जैनला झाली. झाड राहिलं गोष्टीत.

या थंडीत टावर चौकात कचोरी खात उभी होते, तिथे तुझ्या काकांच्या, म्हणजे भाऊजींच्या, बँकेतले एक जुने सोबती भेटले. मुलाकडे अलीराजपूरला राहून आले होते. म्हणाले, आता आतपर्यंत डांबरी सडक चाललीय, दोन्ही बाजूंची झाडं भराभर जातायत. माझा घास तोंडातच राहिला. भाऊजींना म्हटलं, मला मीनूचं झाड बघून यायचंय.

"गाडी करू," भाऊजी म्हणाले.

"सायकलने," मी म्हटलं.

हे वेड नव्हतं. तुझे बाबा दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच रस्त्याने सायकलवर उज्जैनला यायचे आणि तसेच परत जायचे. मी तुला घेऊन बसने, झोपा काढत. घरी आले की जेवताना रस्ता सांगायचे. मी आयुष्यभर तो कानाने पाहिला. आणि सायकल मला नवीन आहे का? मी ती शिकलेच झिरणफळियाच्या आठवडी बाजाराला जाता-येता. आता गुडघ्यांसाठी डॉक्टरनेच सांगितली, तर नानाखेड्याच्या सकाळच्या टोळीत मी आणि भाऊजी रोज जातोच. टोळीतली पोरं आमच्या मागे राहतात. भाऊजी म्हणतात ती मोबाइल बघत चालवतात म्हणून, पण ते जाऊ दे.

धारपर्यंत

पाडवा झाला, श्रीखंड संपलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. तुझ्या प्रमिलाकाकूने दशम्या, लसणाची चटणी आणि लाडू बांधून दिले. माझ्या हातात डबा देताना ती भाऊजींकडे बघत म्हणाली, "वहिनी, यांना बाहेरचं काही पिऊ देऊ नका."

"मी काय लहान आहे?" भाऊजी म्हणाले.

"लहान असता तर काळजी नव्हती."

चिंतामण गणपतीला नारळ वाढवला. तिथे चैत्रातल्या जत्रेची दुकानं लागत होती, पाळणेवाला पाळणा जोडत होता. पुढे सगळा माळवा कापणीला आलेला. गहू निघालेला, थ्रेशरचा भुसा वाऱ्यावर, नाकातोंडात सोन्याची धूळ जावी तशी ती जात होती आणि आम्ही शिंकत होतो. रस्ता सपाट, तळहातासारखा. भाऊजी गाणी म्हणत होते. ट्रॅक्टरवरची माणसं थांबून विचारायची, "माताजी, कहाँ?" मी अलीराजपूर सांगितलं की ती एकमेकांकडे बघायची. एकाने हळूच भाऊजींना विचारलं, "बाबूजी, घर में कुछ कहा-सुनी हो गई क्या?"

धारला बाबांच्या मामेबहिणीकडे मुक्काम. तिथली मराठी ऐकून गंमत वाटते, आपल्याहून दोन पावलं हिंदीकडे झुकलेली. "खाना झाला का, की बनवू?" असं तिची सून म्हणाली. पुण्याची माणसं आपल्याला हसतात, आपण धारवाल्यांना. रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून बसले आणि तुला फोन लावला. पुढचं तुला ठाऊक आहे.

अमझेरा, टांडा आणि ती विहीर

अमझेऱ्याला लोक सांगतात की रुक्मिणीला कृष्णाने इथूनच पळवलं. देवीच्या पायरीवर बसून भाऊजी म्हणाले, "वहिनी, ती तरी रथातून गेली." इथपासून सपाटी संपते. जमीन अशी दुमडायला लागते की जणू कोणी सतरंजी लाथेने सारली आहे. चढ, उतार, चढ. साग निष्पर्ण, पळस शेवटचा पेटलेला, आणि खाली ओढ्यात नुसते दगड.

आता एक तक्रार तुझ्या बाबांबद्दल. टांड्याच्या घाटाचं किती वर्णन करायचे. वारा कानात कसा भरतो, पॅडल न मारता कोसच्या कोस कसं जाता येतं. मीनू, त्या घाटात चढ आहे. एकामागून एक आहे. गिअरची सायकल असून मी तीनदा उतरले आणि हँडलला धरून चालत गेले. बाबांची ती काळी, लोखंडाची, वर आमच्या संसाराची गाठोडी. त्या माणसाने मला सगळ्या वर्षांत उतारच सांगितले. चालता चालता मला हसू आलं आणि मग जरा वेळ भाऊजींच्या पुढे जाऊन एकटीच चालले.

आणि ती विहीर. "घाट उतरला की डाव्या हाताला वड, वडाखाली विहीर, तिथे बसून दशमी खायची," हे तर मला पाठ. घाट उतरलो. डाव्या हाताला ढाबा, त्याच्यापुढे मोबाइलचा टॉवर. ढाबेवाल्याला विचारलं. तो तरुण होता, त्याला वडच ठाऊक नव्हता, तर विहीर कुठली. मी रस्त्याच्या कडेने पुढे-मागे दोनदा फिरले. मग भाऊजींनी ढाब्याची खाट डाव्या बाजूला ओढली, डबा उघडला आणि म्हणाले, "दादा इथेच कुठेतरी बसायचा ना? बसा." दशमी खाल्ली. चटणी तिखट होती, म्हणून डोळ्यांत पाणी आलं तर कोणाला कळलं नाही.

पण तेव्हापासून मला घोर लागला. एवढा मोठा वड गेला, तर वावराच्या कडेच्या मोहाची काय कथा.

बाग गावात मात्र मन रमलं. छापलेल्या चादरी नदीच्या दगडांवर वाळत घातलेल्या, लाल आणि काळ्या. भैरवगढ़ला शिप्रेच्या काठी आपण बघतो तसंच, पण रंग वेगळे. इथले लोक म्हणतात रंग बागच्या पाण्यात आहे, आपले म्हणतात शिप्रेच्या. मी दोघांनाही हो म्हटलं. तुझ्यासाठी एक ओढणी घेतली आहे. ती पोस्टाने पाठवणार नाही.

दुसऱ्याचं झाड

कुक्षी सोडल्यावर मोहाची हवा लागली. पहाटेच्या गारव्यात एक गोड, जरा आंबूस वास येतो, कणीक आंबवून गूळ घातल्यासारखा. मला तो वास आल्याबरोबर तू तान्ही दिसलीस. रस्त्याच्या कडेला एक मोठा मोह, आणि खाली फुलांचा सडा, पांढुरका, मण्यांसारखा. सायकल आडवी टाकली आणि चार फुलं तोंडात घातली. रस जिभेवर फुटला. मग चार अजून, आणि थोडी रुमालात.

"ए बाई, किसका उठा रही है?"

झाडामागून एक बाई आली, डोक्यावर टोपली, हातात झाडू. मी दचकले. भाऊजी पुढे झाले, बँकेतल्या आवाजात म्हणाले, "जंगल का है. सरकारी है."

"सरकार आती है क्या सुबह-सुबह यहाँ झाडू मारने?" बाई म्हणाली. "नीचे देख. पत्ता दिखता है एक भी?"

खरंच दिसत नव्हतं. झाडाखालची जमीन झाडून, पालापाचोळा जाळून स्वच्छ केलेली, अंगण सारवावं तशी. शेजारच्या झाडाखालीही तसंच, आणि दोन्हीच्या मध्ये पाचोळ्याची एक रेघ सोडलेली. एवढ्या मोठ्या रानात आम्हाला जंगल दिसलं होतं, तिला घरं दिसत होती. हे माझ्या सासऱ्याचं, ते त्याच्या भावाचं, पलीकडचं नणंदेला दिलेलं, असं तिने टोपली खाली ठेवून हात फिरवत सांगितलं. कोणाच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. वाटणीत जमिनीसारखं झाड वाटतात आणि जमीन दुसऱ्याची झाली तरी झाड आपल्याकडे राहतं.

मी रुमाल तिच्यापुढे उघडला. तिने तो तसाच मिटला, वर आपल्या टोपलीतली ओंजळ घातली आणि म्हणाली, "अब ले जा. अब मैंने दिया."

सायकलवर बसले. मला पटेल आठवला, बोट दाखवणारा. आम्ही ते कौतुक समजलो होतो, मीनू. बाळाच्या हातावर रुपया ठेवतात तसं. त्याने तर तुला हिस्सा दिला होता.

"भाऊजी," मी म्हटलं, "ते झाड खरंच मीनूचं आहे."

"मग आता असेल तर बरं," भाऊजी म्हणाले. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं, पण म्हणून गेले.

ताडी आणि पंक्चर

अलीराजपूरच्या पुढे ताडाची झाडं सुरू होतात, उंच, डोक्यावर मडकी बांधलेली. सकाळची ताडी म्हणजे नुसतं सरबत, असं भाऊजींना कोणीतरी सांगितलं. मी प्रमिलाचं वाक्य म्हणून दाखवलं. ते म्हणाले, "ती म्हणाली बाहेरचं. हे तर झाडाच्या आतलं आहे." खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, पानाच्या द्रोणात त्यांनी दोनदा घेतली. ऊन चढलं तशी ती ताडीही चढली. पुढच्या चढावर माझा दीर, निवृत्त हेड कॅशियर, नागमोडी सायकल चालवत एका शेळीला "आप पहले निकलिए" म्हणताना मी पाहिला. तू प्रमिलाकाकूला बोलायचं नाही. आत्ताच बजावून ठेवते.

तशातच त्यांच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा. ट्यूब बदलायला गेलो, तर जवळची ट्यूब कॅरिअरच्या घर्षणाने आधीच फाटलेली. पुढे-मागे मैलोगणती एक टपरी नाही. भर उन्हात दोघे सायकली ढकलत चाललो. एका घरातल्या माणसाने हाक मारून सावलीत बसवलं, मक्याचे पानिये दिले. मक्याचं पीठ पानात गुंडाळून गोवऱ्यांत भाजतात, वरचं पान जळून जातं आणि भाकरीवर त्याच्या शिरा उमटतात. सोबत उडदाची घट्ट डाळ. मी तुला त्या पानियाच्या पिठाची पेज भरवायचे. पहिल्या घासाला बाबांचं ते एका खोलीचं घर, बांबूची भिंत आणि भिंतीतून येणारं ऊन, सगळं समोर येऊन बसलं. त्या माणसाने ट्यूबला रबर चिकटवून बांधून दिली आणि म्हणाला, झिरणफळिया आता दूर नाही, पक्की सडक लागेल.

पक्की सडक लागली. आणि तिच्या दोन्ही बाजूंना, मीनू, बुंधे. ताजे, लालसर. मी मोजले नाहीत. मान खाली घालून चाकाकडे बघत चालवत राहिले.

झिरणफळिया

मला गाव ओळखता आलं नाही. ओढ्यावर पूल, शाळेला निळा रंग, घरांवर डिश. टेकडीवर एकेकटी विखुरलेली घरं तेवढी तशीच होती. वावराची कड शोधत होते, तर कडेच्या जागी सडकच. वळण घेतलं आणि भाऊजींनी ब्रेक लावला.

सडकेला अगदी लागून एक मोह उभा होता. मोठा, दोघांच्या कवेत मावणार नाही असा. खालची जमीन झाडलेली, एक पान नाही. आणि बुंध्याला लागूनच विटांचा ढीग.

सावलीत एक म्हातारी बसली होती, सुकी, लहानशी, हातात चांदीचं जाड कडं. मी उतरले, हेल्मेट काढलं. तिने मला पायापासून वरपर्यंत बघितलं.

"किस गाँव की है?"

"सुरली, मैं मास्टर की घरवाली. उज्जैन वाली."

"मास्टर की औरत तो पतली थी," ती म्हणाली.

"तब पतली थी."

"और मास्टर?"

मी हात वर आभाळाकडे केला. तिने मान हलवली आणि स्वतःचाही हात तसाच वर केला, म्हणजे तिचाही नवरा. मग तिने मला हाताला धरून खाली बसवलं आणि माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत दाबत राहिली, जणू खरी आहे का बघत होती. एवढ्यात आजूबाजूच्या घरांतून माणसं आली. मास्टरनी आली, मास्टरनी आली. तिने माझ्या मागे बघितलं, भाऊजींच्याही मागे बघितलं आणि विचारलं, "लड़की कहाँ है?"

लडकी बेंगळुरूला, नोकरीत, असं मी सांगितलं. तिला ते आवडलं नाही.

घरात नेऊन तिने मला शेणाने लिंपलेली एक बांबूची कणगी दाखवली, तळाशी सुकलेला मोह, तपकिरी झालेला. "उसका," ती म्हणाली. दर वर्षी तुझ्या झाडाखालची फुलं वेचायची, मालकिणीचा वाटा वेगळा ठेवायचा. नवीन मोह पडायला लागला की जुना, त्या वर्षी वस्तीत ज्या घरी मूल झालं असेल, त्या घरी द्यायचा. बाळंतिणीला उकडून घालतात. सासऱ्याने लावून दिलेली रीत, तिने एकदाही मोडली नव्हती. आणि आपण इथे वाढदिवसाला केक कापत होतो आणि गोष्ट सांगत होतो.

आता विटांचं. सुरलीचा मुलगा भुवान संध्याकाळी कामावरून आला. शांत, कष्टाळू, बोलताना नजर खाली. म्हणाला, "माताजी, मैं छुपाऊँगा नहीं. घर चूता है. सड़क के किनारे यही एक टुकड़ा बचा है. दो कमरे डालूँगा, आगे पंक्चर की दुकान. पेड़ जाए तो ही जगह बनती है. माँ काटने नहीं देती. कहती है, मालकिन से पूछ."

"पूछ ले," सुरली म्हणाली. तिने तोंड फिरवलं होतं.

"बाकी फळिया में भी कोई हाथ नहीं लगाएगा जब तक मालकिन न बोले," भुवान म्हणाला. "आप बोल दो, माताजी. आप जो बोलोगी."

मला त्याचं पटलं, मीनू, हीच पंचाईत. दुपारी आम्हीच सायकली ढकलत आलो होतो. दुकान हवंच आहे त्या सडकेला. त्याच्या घराचं छप्पर मी पाहिलं होतं, गळू नये म्हणून वर प्लास्टिक दगडांनी दाबलेलं. आणि दुसरीकडे ते झाड, संध्याकाळच्या उजेडात, कळ्यांनी लगडलेलं. सगळी वस्ती माझ्याकडे बघत होती.

आपली सवय तुला ठाऊक आहे. कोणी काही मागितलं की "अहो, तुमचंच आहे" म्हणून मोकळं व्हायचं. मोठेपणाचा मोठेपणा आणि विचार करायला नको. माझ्या तोंडातून निघालंच, "अरे बेटा, तुम्हारा ही तो..."

सुरलीने माझ्या हातावर चापट मारली. खरी, लागेल अशी.

"तेरा है क्या, जो दे रही है?" ती म्हणाली. "तू मालकिन नहीं है. तू मालकिन की माँ है."

भाऊजी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, ते हळूच मराठीत म्हणाले, "बरोबर आहे वहिनी. खातं ज्याच्या नावाचं, सही त्याची. आईची चालत नाही."

"फोन लगाओ उसको," भुवान म्हणाला. फोनला तिथे रेंज नव्हती, आणि असती तरी उपयोग नव्हता. सुरलीने सांगून टाकलं की फोनवर कोणी झाड देत नाही आणि ठेवतही नाही. सासऱ्याने झाडाखाली उभं राहून दिलं होतं. मालकिणीने झाडाखाली उभं राहून बोलायचं. ठेव म्हणाली तर राहील, तोड म्हणाली तर भुवान तोडेल आणि सुरली स्वतः एक शब्द बोलणार नाही. "अगले महुआ तक रुकूँगी. उसके बाद मेरा भी क्या भरोसा."

भुवानने विटांकडे बघितलं. मग म्हणाला, "एक बरसात और चू लेगा घर." आणि आमच्यासाठी खाट टाकायला उठला.

पहाट

उजाडायच्या आत सुरलीने मला उठवलं. झाडाखाली बसलो. वारा नसताना फुलं पडतात, एकेक, टप करून, कुठे पडलं ते बघेपर्यंत दुसरं. पाठीवर पडतात, केसांत पडतात. आम्ही दोघी टोपली घेऊन बसल्या जागी सरकत वेचत होतो. माझे गुडघे कुरकुरायला लागले तसं तिने मला एका जागी बसवलं आणि म्हणाली, तू फक्त जे अंगावर पडेल ते टोपलीत टाक. तेवढंही पुष्कळ होतं.

तू कशी आहेस ते विचारत होती. उंच आहेस का, रागीट आहेस का. मी म्हटलं, फोन पटकन ठेवते. ती म्हणाली, पटेलही असाच होता, बोलणं संपायच्या आत उठून जायचा.

निघताना भुवानने भाऊजींची ट्यूब पुन्हा काढून नीट चिकटवून दिली. हात चांगला आहे त्याचा. दुकान चालेल.

परतीला आम्ही शहाणपणा केला, सायकली जीपच्या टपावर बांधल्या आणि अलीराजपूरहून बस धरली. मी झोपले नाही. खिडकीतून सगळे चढ पुन्हा बघितले. घरी पोहोचल्यावर प्रमिलाने भाऊजींचा चेहरा बघून पहिला प्रश्न विचारला तो ताडीचाच. तिला कसं कळतं, मला आजवर कळलेलं नाही.

तर मीनू, तुझ्या वाट्याचा मोह मी डब्यात भरून आणला आहे, फ्रिजवर ठेवला आहे. ठेव म्हणायचं की तोड म्हणायचं, ते मी तुला सांगणार नाही. विचारूही नकोस, मला दोन्ही पटतं. सुरलीने माझ्या हातावर चापट मारली ती बरी मारली. पण फाल्गुन सरता सरता तुला त्या झाडाखाली उभं राहायचं आहे, आणि तिकडे पहाटेच्या आधी पोहोचायचं असतं, म्हणजे आदल्या दिवशी घाट चढावे लागतात. तुझ्या बाबांनी सांगितलेत त्यापेक्षा ते जास्त आहेत. एकदम येऊन जमायचं नाही, पाय तयार करायला हवेत. त्यासाठी आधी दिवाळीला ये. चांगली आठ-दहा दिवस ये, येता-जाता तोंड दाखवायला नको. नानाखेड्याच्या टोळीत तुला सकाळी नेईन.

बाबांची काळी सायकल मी खाली काढली आहे. मिस्त्रीने टायर बदलले, चेनला तेल दिलं. सीट किती वर करू, विचारत होता. मी त्याला अंदाजाने माझ्या कपाळापर्यंत हात करून दाखवला. तू एवढीच आहेस ना अजून? ये आणि बसून बघ. लवकर ये.